सोफ्यामागची भिंत

सोफा निळा किंवा राखाडी असेल, तर मागच्या भिंतीवर वारली चित्र लावून पाहा. गेरूच्या तांबूस जमिनीवर तांदळाच्या पिठाने रेखलेल्या पांढऱ्या आकृत्या तिथे लगेच उठून दिसतात. तारपा वाजवणाऱ्याभोवती धरलेला नाचाचा फेर तर फारच देखणा! तपकिरी सोफ्याजवळ मात्र गेरू हरवतो. तिथे चित्राभोवती रुंद पांढरी पट्टी सोडून फ्रेम करून घ्या. चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असावी आणि ते सोफ्याच्या पाठीपासून वीतभरच वर टांगावं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली; २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेचा मान राखायचा म्हणून छापील प्रतीऐवजी पालघर, डहाणूकडच्या वारली चित्रकारांकडूनच चित्र घ्या.