नशीब बाजूला ठेवून मेंढीकोट

भाताची लावणी उरकली, की आमच्या पाटणला पावसात बाहेर पडवत नाही. तेव्हा गटातल्या आम्ही आठजणी मेंढीकोट खेळतो. पैसे लावत नाही, तरी ‘बायका जुगार खेळतात’ हे कानावर आलंच. म्हटलं, नशीबच काढून टाकू. ब्रिजच्या सांघिक सामन्याची रीत उचलली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा होतं, भारताला सुवर्णही मिळालं. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या, वय सत्तरीकडे झुकलेलं!

तर चौघींचे दोन संघ, दोन खोल्या. एका खोलीत आपल्या दोघी उत्तर-दक्षिण बसतात, दुसरीत उरलेल्या दोघी पूर्व-पश्चिम. पत्ता मध्ये टाकायचा नाही, आपल्या पुढ्यातच ठेवायचा. डाव संपला की आपापले १३ पत्ते लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घालायचे, वर दिशा लिहायची, आणि चारही पाकिटं दुसऱ्या खोलीत. तिथं तोच डाव पुन्हा, पहिली उतारीही त्याच दिशेची. एकीकडे उत्तर-दक्षिणला तीन मेंढ्या मिळाल्या, दुसरीकडे दोनच, तर फरक खेळणारीचा. ‘पानंच वाईट आली’ म्हणायची सोय नाही. चहा मात्र सगळ्यात शेवटी, नाहीतर डाव चहाबरोबर फुटतो.

गुणांची वही आम्ही मुद्दाम बैठकीत मागं बसणारीकडे देतो. कर्जाच्या हिशेबावर कधी तोंड न उघडणारी आमची एक मैत्रीण परवा ठामपणे म्हणाली, “तिसरा डाव परत मोजा.” मोजला. तिचंच बरोबर निघालं.