किती घेतलं, ते आधी सांगा
(रेडिओवरील भाषण)



आज मला दिलेला विषय प्रश्नाच्या रूपात आहे. जगात अशी एखादी तरी वस्तू आहे का, की जिच्यामुळे माणूस मरूच शकत नाही? उत्तर लगेच देऊन टाकते : नाही. तुमच्या स्वयंपाकघरात नाही, औषधांच्या डब्यात नाही आणि आत्ता तुम्ही जिच्यात श्वास घेताय त्या हवेतही नाही. माझी उरलेली दहा मिनिटं मी या उत्तराच्या मागे दडलेल्या एका प्रश्नासाठी वापरणार आहे. आपण तो फार कमी वेळा विचारतो. तो प्रश्न म्हणजे : किती?

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. ओळखीचे लोक भेटले की विचारतात, हळद चांगली ना? साखर वाईट ना? ही गोळी 'हेवी' नाही ना? पण 'किती घ्यायची' असं विचारणारा क्वचित भेटतो. आणि रात्री अपरात्री एखाद्याला विषबाधा झाली म्हणून रुग्णालयात नेलं, की डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात? काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं. ज्या प्रश्नाचं उत्तर तिथे घाबरून द्यायचं, तो घरी शांतपणे आधीच का विचारू नये?

हे काही नवं नाही. युरोपात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने १५३८ साली हेच मांडलं, की विष नाही अशी वस्तूच नाही, मात्रा ठरवते. आपल्याकडे चरकसंहितेत त्याच्या कितीतरी आधी सांगितलं आहे, की तीव्र विषसुद्धा नीट योजलं तर उत्तम औषध होतं, आणि औषध वेडंवाकडं वापरलं तर तेच जहाल विष होतं.

आता तुमच्या न्हाणीघरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. तांब्या तांब्याने पाणी घेतलं तर दिवसभरात कितीतरी बादल्या त्या मोरीतून निघून जातात आणि मोरी आहे याची तुम्हाला आठवणही होत नाही. तेच पाणी एकदम ओता. उंबरा ओलांडून ते घरात येईल. पाणी तेच, मोरी तीच. आपल्या शरीरालाही अशा मोऱ्या आहेत. यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, फुप्फुसं आहेत. प्रत्येक मोरीचा एक वेग आहे. त्या वेगाच्या आत राहिलात तर बरंच काही पचतं. वेग ओलांडलात तर पाणीही मारतं.

हो, पाणी. निरोगी माणसाची मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून खूप वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि पाणी पेशींमध्ये शिरतं. पेशी फुगतात. हातापायांच्या पेशी थोड्या फुगल्या तर निभावतं. मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. मी रेडिओवर बोलते आहे म्हणून एक घटना मुद्दाम सांगते. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्राने स्पर्धा ठेवली : लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी प्यायचं. बक्षीस होतं व्हिडिओ खेळाचं यंत्र. कार्यक्रम चालू असताना एका श्रोत्या बाईंनी फोन करून बजावलं, की यात जीव जाऊ शकतो. स्पर्धा थांबली नाही. तीन मुलांची आई असलेली एक तरुण स्त्री डोकं दुखतंय म्हणत घरी गेली आणि त्याच दिवशी मरण पावली. शुद्ध पाण्याने.

हे वेड्या स्पर्धेपुरतं आहे असं समजू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं आढळलं. वाटेत इतकं पाणी पिणारे होते, की शर्यत संपवताना त्यांचं वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं. आपल्याकडे आता गावोगावी मॅरेथॉन होतात. धावणाऱ्यांनो, तहान लागेल तसं प्या. शर्त लावल्यासारखं पिऊ नका.

हवेचं थोडक्यात सांगते. निव्वळ प्राणवायू दाबाखाली दिला तर प्राण्यांना झटके येतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिलं. १९४० आणि १९५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांना काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू दिला गेला आणि त्यांची दृष्टी गेली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण 'किती' ठरायचं राहिलं होतं.

मोरीकडे परत येते. सगळ्यांच्या घरची मोरी सारखी नसते. काहींची अरुंद असते, काहींची तुंबलेली असते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेतात. फार छान रीत आहे. पण त्या आजाऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तो डायलिसिसवर असेल, तर शहाळ्याच्या पाण्यातलं पोटॅशियम बाहेर जायला वाटच नसते. ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, थांबवूही शकतं. कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं कमरख हे फळ तर अशा रुग्णाला थोडंसंही घातक ठरू शकतं. ते खाऊन भ्रम होऊन, झटके येऊन माणसं दगावली आहेत. तुम्हाला मला त्याच फळाची फोड काही करणार नाही. म्हणून नुसतं 'किती' विचारून भागत नाही. कोणाला, हेही विचारायचं. आणि किती वेळात, तेही.

आता जरा रागावते. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही.' 'झाडपाल्याचं आहे, त्याने काही होत नाही.' हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित घरांमधून ऐकलं आहे! अफू झाडाची आहे. बचनाग झाडाचा आहे. धोत्रा तुमच्या कुंपणापाशी उगवतो. आयुर्वेदाचा एकही जाणकार वैद्य हे वाक्य बोलणार नाही, कारण त्याचं निम्मं शास्त्र मात्रेचंच आहे. सकाळी दुधीचा रस पिणारे पुष्कळ आहेत. दुधी कडू निघाला तर त्यात कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा कडू रस प्यायल्याने उलट्या, रक्तस्राव होऊन आपल्या देशात मृत्यू झाले, तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांचा सल्ला सोपा आहे : रस काढण्याआधी दुधीची लहानशी फोड चाखा, कडू लागली तर सगळा दुधी टाकून द्या. औषध कडूच असतं म्हणून नाक दाबून पिऊ नका.

आपल्या आज्या-पणज्यांना मात्रा कळत होती. बाळगुटी उगाळताना सहाणेवर हळकुंडाचे वेढे किती, जायफळाचा वेढा किती, हे मोजलं जायचं. जायफळाचा वेढा एकच, तोही हलक्या हाताने, कारण जास्त झालं तर मूल गुंगतं हे त्यांना ठाऊक होतं. आज डॉक्टर सांगतात, की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीही नको, आणि मीही तेच सांगते. पण ती वेढे मोजायची सवय मात्र आपण कुठे सोडून आलो?

कारण आता मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येते आहे, आणि समोरचं घड्याळही मला दिसतंय. पॅरासिटामॉल. तापाची साधी गोळी. हे उत्तम औषध आहे, त्याला घाबरू नका. मोठ्या, निरोगी माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ४,००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. तुमच्याकडे ६५० ची गोळी आहे. सहा घेतल्या, ३,९०० झाले. त्यात तुम्ही सर्दीची गोळी घेतली. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीची घेतली, तिच्यातही असू शकतं. नावं तीन, औषध एक, आणि मोरीही एकच : यकृत. यकृतात या औषधातून निघणारा विषारी अंश निकामी करणाऱ्या द्रव्याचा साठा असतो. हा साठा संपला की तो अंश यकृतालाच खातो. आणि पहिल्या दिवशी काहीच कळत नाही! थोडी मळमळ, बस. दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे होतात. याच्यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण पहिल्या आठ तासांत दिला तर तो सर्वांत चांगला चालतो. म्हणून 'अजून तर बरा दिसतोय' म्हणून घरी थांबायचं नाही. पुन्हा सांगते, जास्त गोळ्या घेतल्या असं कळलं, की माणूस बरा दिसत असला तरी रुग्णालयात.

आणि लहान मुलं. आयांनो, आजीबाई, इथे नीट कान द्या. तापाचं हेच औषध बाळांसाठी तीन प्रकारांत मिळतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० असतं. दुसऱ्या, जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम पुरे होतं. साध्या सिरपचं ते साधारण सहा मिलिलिटर. आता घाईत, रात्रीच्या अंधारात, सिरप समजून थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर दिलं, तर किती झालं? ६०० मिलिग्रॅम. चौपट. बाटली लहान म्हणून औषध सौम्य असं नसतं. थेंबांचं औषध सर्वांत दाट असतं. पुन्हा सांगते : थेंबांचं औषध सर्वांत दाट असतं. आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. कोणाचा चमचा तीन मिलिलिटरचा असतो, कोणाचा सातचा. बाटलीबरोबर खुणा असलेलं झाकण, ड्रॉपर किंवा पिचकारी येते, ती टाकून देऊ नका. डॉक्टरांना बाळाचं वजन सांगा आणि 'किती मिलिलिटर' हे कागदावर लिहून घ्या.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या येतात, त्या बहुधा आठवड्याला एक घ्यायच्या असतात. त्या रोज घेणारे आहेत. हे जीवनसत्त्व मोरीतून सहज जातच नाही, शरीरातल्या चरबीत साठून राहतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि मग मूत्रपिंडं… यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. तसंच विदर्भातल्या लाखोळी डाळीवर. अधूनमधून, इतर अन्नाबरोबर खाणाऱ्या पिढ्या निभावल्या. दुष्काळात दुसरं काही मिळेना म्हणून महिनोन्‌महिने तीच पोटभर खावी लागली, तेव्हा माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

दोन मिनिटं उरली आहेत, ती मिठासाठी ठेवली होती. १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळून पाजायला सुरुवात केली. छावणीतल्या रुग्णांचा मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. मोजून घातलेल्या चिमूटभर मिठाने हे केलं. घरी करायचं असेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अर्धाच. जुलाबावरच्या तयार पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच घ्या, पेलाभर पाण्यात सगळी पुडी ओतू नका.

आणि तेच मीठ मारतंही. कोणी फवारणीचं औषध प्यालं, गोळ्या खाल्ल्या, की शेजारीपाजारी धावत येऊन भरमसाट मिठाचं पाणी पाजतात, उलटी व्हावी म्हणून. त्या मिठाने रक्तातलं सोडियम इतकं चढतं, की मूळ विषातून वाचला असता असा माणूस मिठाने जातो. असे मृत्यू नोंदले गेले आहेत. कृपा करून हे करू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, आणि निघताना ती बाटली, ते गोळ्यांचं रिकामं पाकीट पिशवीत टाकून बरोबर न्या. त्यावरूनच डॉक्टरांना कळेल, काय घेतलं आणि किती.