ऑर्किडचे नाव आणि बागवानाची वही



कालिंपाँगकडील एखाद्या ऑर्किडच्या रोपवाटिकेत गेल्यास प्रत्येक कुंडीत नावाची एक लहानशी पट्टी खोचलेली दिसते. पाहुण्याचे लक्ष फुलांकडे असते, बागवानाचे त्या पट्टीकडे. कारण फूल वर्षातून थोडेच आठवडे टिकते. एरवी फुलावाचून उभी असलेली जवळच्या जातींची दहा रोपे एकमेकांपासून ओळखणे जाणत्यालाही कठीण जाते. आणि नेमके या पट्टीवरचे नावच मधूनमधून बदलत असते.

वनस्पतीच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा असतो आणि दुसरा जातीचा. जणू आडनाव आधी आणि नाव मागून. लिनियसने १७५३ साली ही पद्धत रूढ केली, तेव्हा झाडावर वाढणारी बहुतेक ऑर्किडे त्याने एपिडेंड्रम या एकाच प्रजातीत घातली. आपली सीतेची वेणी, म्हणजेच आसामात बिहूच्या दिवसांत मुली केसांत माळतात ते कोपौ, तीही त्यांतच होती. १८२५ साली ब्लूमने तिला ऱ्हिंकोस्टायलिस या नव्या प्रजातीत नेले. माळणाऱ्या मुलींना याची वार्ताही लागली नसेल.

वंडा हे नाव तर मूळ संस्कृतातले. वंदा म्हणजे बांडगूळ. सर विल्यम जोन्स यांनी ते योजले व १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी ते प्रसिद्ध केले. वस्तुतः हे ऑर्किड झाडाचा आधार तेवढा घेते, त्याचा रस शोषीत नाही. नावातला हा अन्याय आजवर कोणी दूर केलेला नाही! ब्राउन यांनी आपल्याकडील एका वंडाला रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ वंडा रॉक्सबर्गी म्हटले. परंतु स्वतः रॉक्सबर्ग यांनीच १७९५ साली त्याच वनस्पतीला टेसेलाटा हे विशेषण दिले होते. आधीचे नाव ग्राह्य, या नियमाने आज ती वंडा टेसेलाटा आहे आणि रॉक्सबर्ग यांचा सन्मान त्यांच्याच अग्रक्रमामुळे गेला.

जुन्या नावांचा असा शोध लागला की बदल होतो, हे बागवान समजू शकतो. त्याला अधिक जाच झाला तो रेणूंच्या अभ्यासावरून अलीकडे झालेल्या फेररचनेचा. ईशान्य भारतात अ‍ॅस्कोसेंट्रम अँप्युलेशियम नावाचे बुटके, गडद गुलाबी फुलांचे ऑर्किड आहे. २०१२ साली ही सारी प्रजाती वंडात विलीन करण्यात आली. वंडा हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे जातिनामाचा शेवटही बदलला आणि अँप्युलेशियमचे अँप्युलेशिया झाले. नातेसंबंध पाहता शास्त्रज्ञांचा निर्णय रास्त आहे. पण या दोन प्रजातींच्या संकरांना पूर्वी अ‍ॅस्कोसेंडा असे जोडनाव होते. पट्टीवर तो शब्द दिसला की गिऱ्हाइकाला कळे, रोप आटोपशीर राहील, लहान कुंडीत फुलेल, रंग भडक असेल. आता तेही वंडा आणि पुरुषभर वाढणारेही वंडा. शास्त्राने नाते सांगितले, परंतु बागवानाला हवी असलेली माहिती नावातून निघून गेली. शिवाय जुन्या आणि नव्या नावांनी एकच रोप दोनदा विकत घेण्याची पाळी हौशी माणसावर येते ती वेगळीच.

संकरांच्या नोंदणीचे काम १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी पाहते. संकराची नोंद करताना आईबाप कोण हे सांगावेच लागते. वंशावळीतला एक दुवा हरवला की पुढच्या पिढ्यांचे कूळ संशयास्पद ठरते. तथापि प्रजाती बदलली तरी संकराचे विशेषनाम सहसा टिकते, एवढा दिलासा आहे. सिंगापूरच्या वंडा मिस जोआकिमचेच पाहा. तिच्या आईबापांपैकी वंडा टेरेस आपल्या आसामातही आढळते. श्लेख्टर यांनी १९१५ साली दोघांनाही पॅपिलियोनान्थे या प्रजातीत हलवले. १९८१ साली सिंगापूरने हे फूल राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडले, तेव्हा लोकांच्या तोंडी वंडाच होते. आज शास्त्रीय लेखनात पॅपिलियोनान्थे मिस जोआकिम असे लिहितात, लोक मात्र अजून वंडाच म्हणतात. मिस जोआकिम दोन्हीकडे कायम आहे.

परदेशी रोप पाठवणाऱ्याला मात्र अशी मोकळीक नाही. रानातील वनस्पतींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण असल्यामुळे परवान्यावर एक नाव आणि पेटीवर दुसरे, असे झाल्यास रोपे अडकून पडण्याचा संभव असतो; आणि अडकलेली रोपे वाट पाहत नाहीत.

म्हणूनच जाणते बागवान नावावर सर्वस्वी विसंबत नाहीत. ते प्रत्येक रोपाला कधीही न बदलणारा एक क्रमांक देतात. वहीत त्या क्रमांकापुढे रोप कोठून व केव्हा आले, आईबाप कोण, हे लिहितात आणि नवे नाव आले की जुने न खोडता त्याखाली ते तारखेसह नोंदवतात. कुंडीतल्या पट्टीच्या पुढच्या बाजूस चालू नाव, मागच्या बाजूस पूर्वीचे. ही पट्टी पेन्सिलीने लिहिलेली बरी. शाई दोन पावसाळ्यांत उडून जाते.