भीतीचा हिशेब
(कल्याणमधल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नवा रोग आला की वरून पहिला हुकूम सुटतो : घाबरू नका. बंगल्यात बसून हे सांगणं सोपं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, चाळीला सामाईक संडास आणि सकाळी कल्याणची भरलेली लोकल, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला तेवढ्यानं भागत नाही. त्याला सांगा, कशाला घाबरायचं, किती घाबरायचं आणि घाबरून झाल्यावर करायचं काय.

मी गोदीत काम करतो. क्रेनला माल लटकत असतो. त्याच्याखाली आम्ही कुणी उभं राहत नाही. पण क्रेन बघून कुणी काम टाकून पळत पण नाही. माल कुठून उचलला, कुठं उतरणार, आपण कुठं उभं राहायचं, एवढं बघतो. जीव वाचतो आणि रोज बुडत नाही. रोगाचं गणित याहून वेगळं नाही.

1896 सालच्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग ओळखला गेला तो मांडवीत, गोदीला चिकटून. डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला. 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. घरात घुसून झडत्या, सामानाची होळी, माणसं उचलून छावणीत. आणि उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे सिमाँ यांनी दाखवलं 1898 मध्ये. म्हणजे रोग पिसवेत, आणि दंडुका माणसावर! आंधळी भीती अशी चालते.

त्याच 1897 साली सावित्रीबाई पुण्यात मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. स्वतःला लागण झाली. 10 मार्चला गेल्या. धोका त्यांना दिसत नव्हता काय? दिसत होता. पण धोक्यापुढं पोर मोठं होतं. आज कुणी आपल्याला असं मरायला सांगत नाही. आज मास्क आहे, लस आहे. ती वापरून माणसाजवळ जायचं, एवढंच मागणं आहे.

आता आपल्या गावचं बघा. मे 2020. कल्याण-डोंबिवली महापालिकेचा हुकूम निघाला की मुंबईत अत्यावश्यक कामाला जाणाऱ्यांनी 8 मेपासून मुंबईतच राहावं. ओरड झाली, हुकूम मागे पडला. पण विचार कसा होता बघा. रोग्याला हात लावणारी नर्स आणि कचरा उचलणारा भाऊ, यांनाच विषाणू ठरवलं. अंतर ठेवा म्हणाले. अंतर काय असतं ते आमच्या बापजाद्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून आपण बजावून सांगायचं : अंतर विषाणूपासून, माणसापासून नाही.

ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण 4 डिसेंबर 2021 ला डोंबिवलीत जाहीर झाला. दक्षिण आफ्रिकेहून आलेला, बोटीवर काम करणारा माणूस. सगळ्या वाहिन्यांवर डोंबिवली. त्याला ताप सौम्य होता. शोधलेले जवळचे संपर्क निगेटिव्ह निघाले. काही दिवसांत तो बरा होऊन घरी गेला. आणि पुढं जानेवारी 2022 मध्ये त्याच ओमायक्रॉनची लाट आली. दोन्ही खरं आहे. एका माणसाला बघून हादरायचं कारण नव्हतं, आणि लस टाळायचं पण कारण नव्हतं.

तेव्हा नवा रोग आला की त्याला तीन प्रश्न विचारा. तू पसरतोस कसा? मारतोस कुणाला? तुझ्यावर चालतं काय? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. कोरोनात म्हाताऱ्यांना आणि मधुमेह्यांना धोका जास्त होता. 1918 च्या इन्फ्लुएंझात धडधाकट तरुणच मोठ्या संख्येनं मेले. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्हीचा गाजावाजा झाला. तो विषाणू 2001 सालीच सापडलेला होता. नाव बातमीत नवं, म्हणून रोग नवा असं नसतं.

उत्तरं मिळाली की आपल्या हातात काय आहे ते करा. हवेतून पसरणारा असेल तर खिडकी उघडी ठेवा, गर्दीत मास्क लावा. ताप आला तर पाळीवर जाऊ नका. घरातल्या म्हातारीला आधी लस द्या. कोरोनात बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 94 च्या खाली आला की दवाखाना गाठायचा, हा आकडा वस्तीतल्या पोरांना पाठ होता. असा एकेक आकडा भीतीला वेसण घालतो. व्हॉट्सॲपवरचे शंभर निरोप ती मोकाट सोडतात.

पण माझ्या हातात नसलेलं पण बरंच आहे. आजारी पडून घरी बसलो तर रोज कोण देणार? सात माणसांच्या खोलीत रोग्याला वेगळं कुठं ठेवणार? वॉर्डात खाटा किती, ऑक्सिजन किती? हे प्रश्न एकट्याच्या धीरानं सुटत नाहीत. ते चारचौघांनी जाऊन विचारावे लागतात, आणि साथ यायच्या आधी विचारावे लागतात.

शांत राहा, साथींनो. पण शांत राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. ज्याचं डोकं ठिकाणावर असतं त्यालाच नीट भांडता येतं. जयभीम!