धम्मजीवनात गुरूचे स्थान

(अल मजाज, शारजा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



अल मजाजमध्ये आपण एकत्र जमतो तेव्हा एक प्रश्न हमखास कानी येतो. हाकेच्या अंतरावर विहार नाही, भिक्खूंचा नित्य सहवास नाही. मग गुरूविना आपल्या मुलांची आध्यात्मिक वाढ व्हावी कशी? या विवंचनेपोटी सुटीत मायदेशी जाऊन एखाद्या बाबा-महाराजांच्या चरणी लागलेली कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली मुंबईतील सत्कारप्रसंगी आपले तीन गुरू जाहीरपणे सांगितले: तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. या तिघांपैकी एकाचेही दर्शन त्यांना घडले नव्हते, घडणे शक्यच नव्हते. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. गुरूच्या पायांवर मस्तक ठेवण्याचा योग ज्याला कधी आला नाही, असा हा शिष्य! कबीर त्यांना घरातच भेटले, कारण पिता सुभेदार रामजी कबीरपंथी होते. बुद्ध भेटले ते ग्रंथातून. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र शाळकरी भीमरावांच्या हाती दिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. मात्र त्यानंतर लाखो अनुयायांना दीक्षा त्यांनी स्वतः, एका उपासकाने, दिली.

आम्ही पेशाने डॉक्टर. मधुमेहाच्या रुग्णाला आम्ही औषध लिहून देतो, पथ्य मात्र त्यालाच पाळावे लागते. रुग्णाला स्वतःची साखर तपासावयास, पायांची निगा राखावयास न शिकविता केवळ आपल्या दाराशी खेटे घालावयास लावणारा डॉक्टर चांगला नव्हे. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी संघावर कोणी वारस गुरू नेमला नाही. धम्म आणि विनय यांनाच शास्ता मानण्यास सांगितले.

याचा अर्थ सोबतीची गरज नाही, असा नव्हे. पाली वाङ्मयात ‘कल्याणमित्र’ हा सुंदर शब्द आहे. सन्मित्राचा सहवास म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंदाला वाटले; तथागतांनी ते संपूर्ण धम्मजीवन आहे असे सांगून त्याची दुरुस्ती केली. कुटुंबापासून दूर, दाटीवाटीच्या खोलीत राहणारा आपला कामगार बांधव एकाकीपणामुळे मद्याकडे वळतो, तेव्हा त्याला कल्याणमित्रच हवा असतो. कानमंत्राने त्याचे भागणार नाही.

आणखी एक. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालावयाचा आणि त्यांचे ग्रंथ कपाटात बंद ठेवावयाचे, ही गुरुभक्ती खुद्द बाबासाहेबांना रुचली नसती.

केळुसकरांचे कार्य मात्र आपल्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे आहे. येत्या वर्षी प्रत्येक घरात मुलामुलींच्या हाती एक बुद्धचरित्र द्यावे. त्यांना मराठी वाचता येत नसेल, तर शेजारी बसून वाचून दाखवावे. आणि वाचता वाचता त्यांनी शंका काढली, तर त्यांना गप्प बसवू नये.

जयभीम! जय भारत!