खात्री किती आणे?



परीक्षेला निघालेल्या मुलाला आपल्याकडे घरातून एक सल्ला हमखास मिळतो. ‘येत नसलं तरी पेपर कोरा ठेवू नकोस, काहीतरी लिही.’ सल्ला अगदीच चुकीचा नाही. तपासणारे अर्धा-एक गुण देऊनही जातात. पण त्यातून एक सवय अंगी मुरते. परगावी रस्त्यात कुणाला पत्ता विचारा. ठाऊक नसलं, तरी माणूस हात लांब करून कुठली तरी दिशा दाखवतोच. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द आपल्याला फार जड जातात. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, त्या खेळात मात्र या तीन शब्दांचे पैसे मिळतात. तो खेळ म्हणजे दूरचित्रवाणीवरची प्रश्नमंजूषा.

आपल्याकडे हा प्रकार दूरचित्रवाणीच्याही आधीचा. १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी सर्वांसाठी खुली अशी प्रश्नमंजूषा भरवली. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी हमीद सयानी आणि नंतर अमीन सयानी यांच्या आवाजात रेडिओवर गाजली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू ‘क्विझ टाइम’ घेऊन दूरदर्शनवर आले. पण या स्पर्धा प्रामुख्याने शाळा-कॉलेजांच्या, इंग्रजी वळणाच्या होत्या. ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर अमिताभ बच्चन यांनी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू केलं आणि हा खेळ घराघरांत शिरला. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ चा. आपल्याकडे तो हिंदीत आला. स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता ‘अहो, ब, ब!’ असं उत्तर यायला लागलं, ते तेव्हापासून.

या कार्यक्रमावर नेहमीचा आक्षेप असा, की ही सगळी सुट्या माहितीची पोपटपंची आहे. कोणत्या नदीचा उगम कुठे आणि कोणता चषक कोणत्या खेळाचा हे पाठ करून माणूस शहाणा होतो का? होत नाही, हे मान्य. पण ‘करोडपती’त पैसे केवळ माहितीचे मिळत नाहीत. जे माहीत आहे, ते किती पक्कं माहीत आहे, याचा अंदाज ज्याला असतो तो टिकतो. आपले जुने लोक ‘सोळा आणे खरं’ म्हणत. त्याच मापाने सांगायचं, तर आपली खात्री सोळा आणे आहे, की बारा आणे, की नुसती चार आणे, हे ओळखण्याचा हा खेळ आहे.

सोळा आणे खात्री कशी असते, याचं एक मजेदार उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९ नोव्हेंबर १९९९ रोजी तिथल्या कार्यक्रमात जॉन कार्पेंटर नावाचा स्पर्धक दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचला. ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात कोणते अमेरिकी अध्यक्ष झळकले होते, असा तो प्रश्न. त्याने वडिलांना फोन लावला. सगळ्यांना वाटलं, आता मदत मागणार. तो वडिलांना म्हणाला, मदत नको आहे, मी जिंकतोय एवढंच कळवायचं होतं. आणि रिचर्ड निक्सन हे बरोबर उत्तर देऊन तो खरोखरच जिंकला.

आपल्याकडे पहिले करोडपती झाले ते मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, ऑक्टोबर २००० मध्ये. त्यांचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने यांपैकी कोणाला दिली आहे? उत्तर आहे ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदानुसार त्यांना दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मतदान मात्र करता येत नाही. नवाथे तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते. ज्याने घटना मन लावून वाचली आहे, त्याच्या दृष्टीने ही सुटी माहिती नव्हती. ती वाचलेल्या पुस्तकातली ओळखीची जागा होती.

फसगत होते ती सोळा आणे वाटणाऱ्या, पण प्रत्यक्षात आठच आणे असलेल्या माहितीमुळे. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? बहुतेक जण डोळे मिटून हॉकी म्हणतील. पण २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारल्यावर केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच सांगितलं, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. काही उत्तरं एके काळी बरोबर असतात आणि नंतर शिळी होतात. ग्रह नऊ, हे आपण शाळेत घोकलं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्लूटोला बटुग्रहांत टाकलं आणि ग्रह आठ उरले. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाला आणि ते ३६ झाले. तुमच्या कपाटातलं सामान्यज्ञानाचं पुस्तक कोणत्या साली छापलेलं आहे, यावर तुमचं उत्तर ठरतं. म्हणून जाणकार स्पर्धक उत्तराआधी स्वतःला विचारतो, ‘हे मला कुठून कळलं आणि कधी?’

आता पैशांकडे वळू. २००० सालच्या ‘करोडपती’त पंधरा प्रश्न होते. पहिल्याला एक हजार, पंधराव्याला एक कोटी. चौदा उत्तरं बरोबर आली की ५० लाख हातात. पंधरावा प्रश्न ऐकून खेळ सोडला तर ते ५० लाख आपले. उत्तर दिलं आणि चुकलं, तर थेट ३ लाख २० हजारांवर घसरण. समजा, उत्तराचा काहीच पत्ता नाही. चार पर्यायांतला एक डोळे झाकून निवडला, तर सरासरीने पदरात पडतात सुमारे २७ लाख. म्हणजे हातातल्या ५० लाखांच्या निम्म्याच्या आसपास. दोन पर्याय बाद करता आले आणि उरलेल्या दोनांत चिठ्ठी टाकली, तर सरासरी ५१ लाख ६० हजार. म्हणजे जेमतेम बरोबरी. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, ही आपली म्हण इथे आकड्यांनी सिद्ध होते.

उत्तर येत नसेल तर मदतीची सोय आहे. त्यातली सर्वांत गमतीची मदत म्हणजे प्रेक्षकांचा कौल. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो प्रकार. अमेरिकी लेखक जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात तिथल्या कार्यक्रमाचा हिशेब दिला आहे. फोनवरच्या जाणकार मित्राचं उत्तर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर आलं, प्रेक्षकांचं ९१ टक्के वेळा. प्रेक्षकांना सहसा सोपे प्रश्न विचारले जातात, हे त्यात धरायला हवं. तरी आकडा थक्क करणारा आहे. असं का व्हावं? समजा, प्रेक्षकांत शंभर माणसं आहेत. वीस जणांना उत्तर पक्कं ठाऊक आहे आणि ऐंशी जण अंदाजाने बटण दाबतात. त्या ऐंशी जणांची मतं चार पर्यायांत वीस-वीस अशी वाटली जातात. बरोबर उत्तराला मिळतात चाळीस आणि बाकीच्यांना वीस-वीस. न जाणणारे एकमेकांना खोडून काढतात आणि जाणणारे तेवढे वर उरतात. पण ही किमया एका अटीवर चालते. न जाणणाऱ्यांनी खरोखर अंदाज करायला हवा. सगळ्यांचा एकच गैरसमज असता कामा नये. राष्ट्रीय खेळाच्या प्रश्नावर शंभरातले नव्वद जण हॉकी म्हणाले, तर पाचांच्या मुखी परमेश्वर बोलत नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ते अशा वेळी.

माहीत नसताना माहीत असल्याचं सोंग कुठवर नेतं, हेही या खेळाच्या इतिहासात आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाची प्रश्नमंजूषा जोरात होती. हर्बर्ट स्टेम्पेल हा विजेता निर्मात्यांना नकोसा झाला, तेव्हा त्याला एका प्रश्नावर मुद्दाम चुकायला सांगितलं गेलं. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर ‘मार्टी’ला मिळाला, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हटलं. त्याच्या जागी आलेला चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा प्राध्यापक. त्याला उत्तरं आधीच मिळत आणि कुठे थांबायचं, कुठे आठवल्यासारखं करायचं, हेही शिकवलं जाई. देश त्याच्यावर खूश होता. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. १९६० मध्ये अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. ज्याला येत होतं त्याला ‘येत नाही’ म्हणायला लावलं आणि ज्याला येत नव्हतं त्याला आठवण्याचा अभिनय करायला लावला. लोक दुखावले ते यामुळे. बक्षिसाची रक्कम त्यात दुय्यम होती.

याच्या अगदी उलट टोकाचं चित्र आपल्या मातीतलं आहे. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘करोडपती’त गेल्या. शाळेच्या पोषण आहार योजनेत त्या मुलांसाठी खिचडी शिजवत आणि त्याचे महिन्याला दीड हजार रुपये मिळत. त्यांनी एक कोटी जिंकले. मग सात कोटींचा प्रश्न आला. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर होतं बिहार. ताडे यांनी खेळ सोडला आणि एक कोटी घेऊन त्या उठल्या.

इथे गणित मोठं मजेदार आहे. चुकल्यास ३ लाख २० हजार, बरोबर आल्यास सात कोटी. चारांतून एक पर्याय डोळे झाकून निवडला, तरी सरासरी निघते सुमारे १ कोटी ७७ लाख. हातातल्या एक कोटीपेक्षा जास्त! मग नुसतं गणित म्हणेल, खेळायला हवं होतं. पण सरासरी ही शंभर वेळा खेळणाऱ्यासाठी असते. ताडे त्या खुर्चीत एकदाच बसणार होत्या. शिवाय १७३८ मध्येच डॅनियल बर्नोली या गणितज्ञाने दाखवून दिलं होतं, की रुपयाची किंमत तो कोणाच्या हातात पडतो त्यावर ठरते. महिना दीड हजार मिळवणाऱ्या घरात पहिला एक कोटी आयुष्य बदलतो. वरचे सहा कोटी तेवढा बदल पुन्हा सहा वेळा घडवत नाहीत. आणि हातचा कोटी गेला, तर होणारं दुःख मात्र पूर्ण कोटीचं असतं. तेव्हा ‘मला नक्की माहीत नाही’ हे त्या क्षणाचं सर्वांत शहाणपणाचं उत्तर होतं. टाळ्या त्यालाही पडायला हव्यात.

परीक्षा घेणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. चार पर्यायांतून निव्वळ अंदाजाने निवड केली, तर सरासरी फायदा बरोबर शून्य येतो, असाच तो आकडा बांधलेला आहे. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की मात्र पारडं आपल्या बाजूला झुकतं. म्हणजे अर्धवट माहितीलाही किंमत आहे, फक्त ती अर्धी आहे हे ओळखता यायला हवं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्याची तिथे खैर नाही.

म्हणून एक छोटीशी सूचना करतो. पुढच्या वेळी घरात सगळे मिळून प्रश्नमंजूषा पाहाल, तेव्हा नुसतं ‘ब’ किंवा ‘क’ ओरडू नका. सोबत आणेही सांगा. ‘ब, बारा आणे.’ ‘क, चार आणे.’ मुलांना कागदावर मांडू द्या. महिनाभराने बघा, तुमची बारा आणे खात्रीची उत्तरं खरोखर चारांतली तीन बरोबर आली का. दोनच आली असतील, तर तुमचं माप थोडं सैल आहे; चारही आली असतील, तर तुम्ही उगाच भिता आहात. कोणाला जास्त माहीत आहे, यापेक्षा कोणाचं माप बरोबर आहे, हे त्या कागदावर दिसेल. आणि एखादं मूल ‘मला नाही माहीत, शून्य आणे’ असं म्हणालं, तर त्याला हसू नका. शोधायला सुरुवात तिथूनच होते, आणि ज्ञानकोशाचं पान उलटायला तेच मूल सर्वांत आधी उठेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)