कोयो, मोमिजी आणि फाल्गुनातली पानगळ

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी वर्गांपर्यंत जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, आणि आता वडूजसारख्या गावातही ती मोबाइलवर शिकता येते. शरदातल्या पानांचा धडा आला की विद्यार्थी यादी पाठ करतो: कोयो म्हणजे रंगलेली पानं, मोमिजी म्हणजे मेपल, ओचिबा गळलेली, कारेहा सुकलेली. माझं म्हणणं असं, की या शब्दांशी अर्थाआधी ऋतू जोडावा. कोयो ही घडामोड आहे. झाड ‘कोयो करतं’ असं म्हणता येतं, रोजच्या भाषेत मोमिजीचं तसं होत नाही. लिहिताना मात्र दोन्हींना तीच दोन चिन्हं! कोणता वाचायचा हे वाक्य ठरवतं. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूच्या जपानी ऋतुकोशात कोयो शरदात आहे, तर ओचिबा आणि कारेहा हिवाळ्यात. सप्टेंबरात होक्काइदोच्या डोंगरांवर सुरू झालेला रंग क्योतोला पोचेपर्यंत नोव्हेंबर उलटत येतो. परीक्षेला अर्थ पुरेसा आहे, असं कोणी म्हणेल. योग्य पर्यायावर खूण करण्यापुरता तो पुरतोही. वाक्य रचायला पुरत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की वडूजच्या खटाव तालुक्यात मेपल नाही आणि थंडीनं पानं लाल होत नाहीत, तर तो ऋतू इथे शिकायचा कसा? इथली पानगळ पाण्याच्या ओढीची. माघ-फाल्गुनात जमिनीतली ओल आटते, हवा कोरडी होते आणि झाडं पानं टाकून पाणी राखतात. लाली येते ती पिंपळाच्या, सह्याद्रीतल्या कुसुमाच्या कोवळ्या पालवीला. म्हणून लाल पान दिसताच मोमिजी म्हणणारा फसेल. पण जपानीलाही वसंतातली पानगळ ठाऊक आहे. बांबूची पानं वसंतात पिवळी पडतात, त्याला ‘ताके नो आकी’, म्हणजे बांबूचा शरद, म्हणतात; सदाहरित झाडं नवी पालवी फुटताना जुनी पानं टाकतात, ती ‘हारु ओचिबा’. ऋतुकोशात दोन्ही वसंताचे शब्द. वडूजच्या विद्यार्थ्यानं शिमग्याच्या सुमारास पिंपळाखालच्या पाचोळ्याला ‘हारु ओचिबा’ म्हणून पाहावं. पळसाला तो शब्द तितकासा बसणार नाही. पळस आधी निष्पर्ण होतो, मग फुलतो, आणि पालवी त्यानंतर येते.